लाडाचे नाव

गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर लेझीम पथकाची नावे घेत होतो. नववीतली एक मुलगी मागे सरकली. "काका, मी नको. सगळे ढोली म्हणतात." शाळेत पी.टी.चा तास ती पोटदुखी सांगून चुकवते, मधल्या सुट्टीत डबा उघडत नाही. तिची आई कानकोंडी होऊन म्हणाली, "नाव आम्हीच पाडलं, लाडानं." शेजारच्या 'काडी'चीही तीच गत, तो तर चारचौघांत शर्ट काढत नाही.

बंधुभगिनींनो, वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी वाढतेच. मुलांची उंची आधी वाढते, अंग मागून भरते. म्हणून या वयात वय, उंची पाहूनच वजन जोखतात. मोठ्यांचा तक्ता लावत नाहीत. शंका असेल तर सरकारी व अनुदानित शाळांत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर मोफत तपासतात, त्यांना दाखवा. उपाशी राहणे हा इलाज नव्हे.

अष्टांगिक मार्गातली सम्यक वाचा कठोर बोलणे वर्ज्य मानते. आम्ही ती विहारात ऐकतो आणि घरी येऊन पोरीला ढोली म्हणतो!

लेझमीच्या पहिल्या रांगेत तिचे नाव आम्ही लिहून ठेवले आहे. तिने अजून होकार दिलेला नाही.