आधी अंगण, मग इमारत

ऐंशी-नव्वदच्या दशकात मुंबईत शाळा शिकलेल्या माणसाला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राची सहल आठवतेच. डबा, पाण्याची बाटली, दोन-दोनच्या रांगा आणि बाईंनी बसमध्ये दहादा बजावलेलं ‘कशाला हात लावायचा नाही’. आत शिरताच ती ताकीद निकालात निघायची, कारण तिथे हात लावल्याशिवाय काही घडतच नाही.

आता तीच मंडळी आपल्या मुलांना घेऊन येतात, तिकीट काढतात आणि तडक इमारतीत शिरतात. त्रिमितीय खेळाची वेळ गाठायची असते. बाहेरचं विज्ञान उद्यान ‘निघताना बघू’ या यादीत जातं, आणि निघताना पोरांना भूक लागलेली असते.

खरं तर वयाने उद्यान थोरलं. 1979 हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं. त्याच वर्षी ते मुलांसाठी खुलं झालं. केंद्राचं उद्घाटन राजीव गांधींच्या हस्ते झालं ते 11 नोव्हेंबर 1985 रोजी. इमारत वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांची. मूळचे आचऱ्याचे, जे.जे.त शिकून पुढे हार्वर्डला ग्रोपियस यांच्या हाताखाली गेलेले. इमारतही बघण्याजोगीच आहे. पण लोक तिच्या आत जातात, तिच्याकडे बघत नाहीत.

उद्यानाची कल्पना साधी: कप्पी, तरफ, दाते असलेली चाकं आणून मोकळ्यावर ठेवायची आणि पोरांना सोडून द्यायचं. कप्पीचंच घ्या. एकच कप्पी वर टांगलेली असेल तर जोर तेवढाच लागतो, फक्त ओढायची दिशा बदलते. तिच्या जोडीला वजनाबरोबर वर सरकणारी दुसरी कप्पी आली की निम्म्या जोरात काम भागतं. पुस्तक बहुधा इथेच थांबतं. दोर ओढणाऱ्या मुलाच्या मात्र लक्षात येतं, की वजन हातभर चढवायला दोर दोन हात ओढावा लागला. फुकट काही मिळालेलं नाही.

अशा वस्तूंना जुनेपण येत नाही. आतले पडदे आणि बटणं दहा वर्षांत केविलवाणी दिसू लागतात. तरफ आर्किमिडीजपासून तशीच आहे. तिचे शत्रू दोनच, मुंबईची खारी हवा आणि पोरांचे हात. दोहोंवर उपाय म्हणजे वंगण, रंग आणि पान्हा घेऊन फिरणारा माणूस. सॅन फ्रान्सिस्कोत 1969 साली ‘एक्स्प्लोरेटोरियम’ उभं करताना फ्रँक ओपेनहायमर यांनी दुरुस्तीचं वर्कशॉप प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरच ठेवलं होतं. हात लावायच्या संग्रहालयात अभिरक्षकापेक्षा फिटरला मान जास्त हवा, असं आमचं तरी स्पष्ट मत आहे.

वरळीच्या आवारात निवृत्त वाहनंही आहेत: ट्राम, वाफेचं इंजिन आणि विजेवर चालणारं जुनं रेल्वे इंजिन. मुंबईत घोड्यांची ट्राम 1874 मध्ये आली, विजेची 1907 मध्ये. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. ‘दादर टीटी’तला पहिला ‘टी’ ट्रामचा, हे सांगितलं की मुलं आईबापांकडे संशयाने बघतात.

विजेच्या इंजिनाची कथा त्याहून चमत्कारिक. 1925 मध्ये मुंबईत विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर. 1 जून 1930 ला सुरू झालेली डेक्कन क्वीनही त्याच दाबावर चालणाऱ्या इंजिनांनी ओढली. मुंबईचे मार्ग टप्प्याटप्प्याने 25,000 व्होल्ट एसीवर गेले आणि 2016 पर्यंत उपनगरी डीसीचा कारभार आटोपला. म्हणजे हे इंजिन उद्या ठणठणीत करून रुळांवर ठेवलं, तरी त्याला लागणारी वीज त्या तारांत नाही.

जाणाऱ्यांनी सकाळी ऊन चढायच्या आत आधी बाहेरचं बघून घ्यावं. महालक्ष्मी स्टेशन जवळ पडतं.