पोशाख आणि विचार

गुढीपाडव्याच्या प्रातःकाळी डोंबिवलीचा फडके रस्ता माणसांनी फुलून जातो. १९९९ साली या नगरात नववर्षाच्या स्वागतयात्रेला प्रारंभ झाला आणि पुढे ठाण्याने व इतर अनेक गावांनी तो प्रघात उचलला. नऊवारी लुगडे नेसून, नाकात नथ घालून, मस्तकावर फेटा बांधून कित्येक तरुणी या यात्रेत मोटारसायकल चालवतात. कोणी लेझीम खेळतात, कोणी ढोल वाजवतात. त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. मोबाइलवरून तर ती क्षणार्धात दूरदेशी पोहोचतात. ती पाहून कोणी म्हणतो, “आपली संस्कृती जागी आहे!” दुसरा म्हणतो, “हा एका दिवसाचा थाट. उद्या याच मुली परक्या वेषात आगगाडीत बसतील.” दोघांचे मत भिन्न असले, तरी मोजपट्टी एकच आहे. दोघेही संस्कृती मोजतात ती वस्त्रावरून. ही मोजपट्टी कितपत खरी?

डोंबिवलीपासून दोनच स्थानके दूर असलेल्या कल्याणच्या एका मुलीला हाच प्रश्न फार पूर्वी सोडवावा लागला होता. तिचे माहेरचे नाव यमुना. जन्म १८६५ सालचा. वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य उपचार मिळते तर बाळ वाचले असते, या जाणिवेतून तिने वैद्यकी शिकण्याचा निश्चय केला.

त्या काळी मुलीने हाती पुस्तक घेणे हीच मोठी नवलाई होती. मुंबईत शाळेला जाताना लोक तिची थट्टा करीत, खडे मारीत. पण त्याच काळी छापलेल्या कागदाने तिच्यासाठी दूरचे एक दार उघडले. तिच्या शिक्षणाविषयी गोपाळरावांनी लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मासिकात छापून आले. संपादकांनी त्यासोबत धर्मांतराची सूचना केली. न्यू जर्सी प्रांतातील कार्पेंटर नावाच्या बाईंनी मात्र तो मजकूर वाचला, तेव्हा त्यांना दिसली ती एका मुलीची शिकण्याची तळमळ. त्यांनी आपण होऊन पत्र पाठवले आणि साता समुद्रांपलीकडे आनंदीबाईंना मायेचे एक घर मिळाले. छापलेला मजकूर एकच असतो. त्यातून काय घ्यावे, हे वाचणाऱ्याच्या मनावर असते.

आनंदीबाई अमेरिकेस निघाल्या, तेव्हा लोकांनी प्रश्नांचा भडिमार केला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे भरसभेत इंग्रजीतून भाषण करून त्यांनी त्यांपैकी सहा प्रश्नांना क्रमाने उत्तरे दिली. अमेरिकेसच का? एकटीनेच का? परत आल्यावर वाळीत पडणार नाही का? तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते. आपले आचार, अन्न व वेष बदलणार नाही, असे त्यांनी त्या सभेत निक्षून सांगितले.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या लुगडे नेसूनच शिकू लागल्या. तथापि, तेथील थंडी कडाक्याची. नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहत. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. वचन पाळले, पण डोळे मिटून नव्हे. काय राखावे आणि काय बदलावे, हे त्यांनी लोकांच्या टाळ्यांवरून ठरवले नाही. तसेच लोकांच्या खड्यांवरूनही ठरवले नाही. १८८५ सालच्या एका छायाचित्रात त्यांच्याशेजारी जपानच्या केइ ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लांबूली बसल्या आहेत. तिघींचे पोशाख आपापल्या देशांचे. तिघींची विद्या मात्र एकच.

या निश्चयाची किंमतही मोठी होती. थंडी, मनाजोग्या अन्नाची वाण आणि अभ्यासाचे कष्ट यांनी त्यांची प्रकृती खालावत गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु तेथे काम करण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांनी अन्नाचा नियम थोडा सैल केला असता तर, असे मनात येते. असा विचार मनात आणणे हा त्यांचा अनादर नव्हे. थोरांचा प्रत्येक नियम जसाच्या तसा गिरवणे म्हणजे त्यांना मानणे नव्हे. नियमामागे विचार हवा, हे त्यांच्याकडून शिकणे म्हणजे त्यांना मानणे होय.

आज ठाण्याच्या मैदानावर कबड्डी खेळणारी मुलगी आखूड, सुटसुटीत पोशाख घालते, कारण खेळाला तो सोयीचा असतो. तीच मुलगी पाडव्याला आजीचे लुगडे नेसते, कारण तिला त्यात आनंद वाटतो. यात विसंगती कोणती? दोन्ही वेळी पोशाख तिचा आहे आणि कारणही तिचेच आहे. केवळ चित्रपटातील नटीने घातले म्हणून घातलेले नवे वस्त्र आणि केवळ छायाचित्रासाठी नेसलेले जुने वस्त्र, ही दोन्ही सारखीच उसनी होत.

आगगाडी कल्याण स्थानकात १८५४ साली आली. तेव्हापासून या गावाने कितीतरी वेष येताना आणि जाताना पाहिले. वेष बदलत राहतील. “हे मी का स्वीकारले?” या प्रश्नाला ज्या मुलामुलींपाशी स्वतःचे उत्तर असेल, त्यांच्या हाती संस्कृती सुरक्षित आहे.