विश्लेषण : गिटारच्या ‘क्लीन’ टोनसाठी पिकअप बदलताय? आधी हे आकडे वाचा

इलेक्ट्रिक गिटार घेऊन वर्ष-दोन वर्षे झाली, की बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. व्हिडीओत ऐकलेला काचेसारखा स्वच्छ, खणखणीत आवाज आपल्या गिटारमधून का येत नाही? मित्र, दुकानदार, ऑनलाइन सल्लागार सगळे एकच उत्तर देतात : ‘पिकअप बदल’. नामांकित परदेशी कंपनीच्या पिकअपचा सेट घ्यायचा तर सुरुवातीच्या गिटारच्या किमतीइतके पैसे मोजावे लागतात. बरे, बसवल्यावर नाही आवडला तर परत करणे अवघड, कारण वायर कापलेली आणि सोल्डर केलेली असते. त्यामुळे हा निर्णय कानाबरोबर थोडे गणित वापरून घ्यायला हवा. हे गणित बारावीच्या भौतिकशास्त्रापलीकडचे नाही.

पिकअप नेमके काय करतो?

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये असे सुमारे आठ हजार वेढे असतात. वर पोलादी तार कंप पावते, चुंबकीय क्षेत्र बदलते आणि कॉइलमध्ये विद्युतदाब तयार होतो. मायकेल फॅरडेने १८३१मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. म्हणूनच अकूस्टिक गिटारच्या कांस्याच्या तारा इलेक्ट्रिक गिटारवर नीट वाजत नाहीत.

हे तंत्र बाजारात आले १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, जॉर्ज बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या ‘फ्राइंग पॅन’ गिटारमुळे. ती मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. पुढे १९५४मध्ये तीन सिंगल कॉइल पिकअपची फेंडर स्ट्रॅटोकास्टर आली. सिंगल कॉइलची गुणगुण घालवण्यासाठी गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी दोन कॉइलचा ‘हमबकर’ तयार केला आणि १९५५मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. आज बाजारात दिसणारे बहुतेक पिकअप या दोन घराण्यांतलेच आहेत.

‘क्लीन’ आणि ‘क्लिअर’ यांत फरक काय?

निम्मा गोंधळ इथेच होतो. क्लीन म्हणजे न फाटलेला आवाज. क्लिअर म्हणजे कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येणे, आवाजाला वर चमक असणे. दोन्ही एकत्र असतीलच असे नाही. जॅझमधले वेस माँटगोमेरी किंवा पॅट मेथेनी हमबकर असलेल्या गिटारवर वाजवत. तो आवाज पूर्ण क्लीन आहे, पण मऊ आणि गडद आहे. दुसरीकडे नाइल रॉजर्स यांच्या स्ट्रॅटोकास्टरवरची फंकची लय क्लीन आणि क्लिअर दोन्ही आहे.

गिटारच्या सर्वांत जाड तारेची वारंवारता सुमारे ८२ हर्ट्झ असते. सर्वांत बारीक तारेचा बाविसाव्या फ्रेटवरचा स्वर सुमारे ११७५ हर्ट्झचा. म्हणजे मूळ स्वर सगळे १२०० हर्ट्झच्या आतच संपतात. ‘चमक’ ज्याला म्हणतो ती असते त्याच्या वरच्या स्वरांशांमध्ये, ढोबळमानाने २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. गिटार अॅम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्याने खाली येतो. त्यामुळे पिकअप या मधल्या पट्ट्यात काय करतो, यावर क्लिअर टोन ठरतो.

बॉक्सवरचा आकडा दिशाभूल कसा करतो?

पिकअपच्या जाहिरातीत सर्वांत ठळक आकडा असतो डीसी रेझिस्टन्सचा : ६ किलोओहम, ८ किलोओहम, १६ किलोओहम. ‘जास्त ओहम म्हणजे जास्त दमदार’ असा सरसकट समज आहे. पण रेझिस्टन्स वायरच्या लांबीवर जसा अवलंबून असतो, तसाच जाडीवरही असतो. टेलिकास्टरच्या नेक पिकअपचे उदाहरण घ्या. त्यात वायर जास्त बारीक वापरतात, म्हणून त्याचा रेझिस्टन्स साडेसात किलोओहमच्या आसपास जातो. तरीही तो स्ट्रॅटोकास्टरच्या सहा किलोओहमवाल्या पिकअपपेक्षा दणदणीत वाजत नाही. त्यावर धातूचे झाकण असते, ते उलट वरची चमक थोडी कमीच करते.

दुसरा शब्द ‘हाय आउटपुट’. हा गुण आहे, पण मेटल आणि हार्ड रॉक वाजवणाऱ्यांसाठी. जास्त आउटपुट म्हणजे अॅम्पच्या पहिल्याच टप्प्यावर जास्त दाब, म्हणजे आवाज लवकर फाटणार. क्लीन टोन हवा असलेल्याने हाय आउटपुट पिकअप घेणे म्हणजे घाटात चौथ्या गिअरवर गाडी चालवण्यासारखे आहे. गाडी चांगली असेल, पण गिअर चुकीचा आहे.

मग पाहायचे काय?

पाहायचा तो इंडक्टन्स, हेन्री या एककात. कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक सर्किट तयार होते. त्याला एक ठरावीक शिखर असते, त्याला रेझोनंट पीक म्हणतात. त्या वारंवारतेला आवाज उठून दिसतो आणि त्यावरचा भाग वेगाने कापला जातो. इंजिनिअरिंगच्या वर्गात आरएलसी सर्किट म्हणून जे शिकवतात, ते गिटारच्या पोटात रोज चालू असते.

केबल आणि पिकअप मिळून एकूण कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड धरू. मग गणित असे येते :

• जुन्या पद्धतीचा स्ट्रॅट सिंगल कॉइल, सुमारे २.४ हेन्री : शिखर ४६०० हर्ट्झच्या आसपास. चमकदार, मोकळा आवाज.

• पारंपरिक हमबकर, सुमारे ४.५ हेन्री : शिखर ३३५० हर्ट्झच्या आसपास. भरदार, पण अजूनही स्पष्ट.

• हाय आउटपुट हमबकर, सुमारे ८ हेन्री : शिखर २५०० हर्ट्झच्या आसपास. मधला भाग पुढे येतो, वरची चमक जाते.

म्हणून क्लिअर क्लीन टोनसाठी सोपा नियम : सिंगल कॉइल असेल तर २ ते ३ हेन्री, हमबकर असेल तर साडेचारच्या आत. चुंबक अॅल्निको २, अॅल्निको ५ की सिरॅमिक, यानेही फरक पडतो. अॅल्निको ५ तुलनेने ठसठशीत, अॅल्निको २ मऊ. पण चुंबकावरून होणाऱ्या चर्चेत जितका वेळ जातो, त्याच्या निम्मा वेळ इंडक्टन्स शोधण्यात घालवला तर निर्णय अधिक चांगला होईल, असे माझे मत आहे.

सिंगल कॉइल, हमबकर की नॉइजलेस?

चमक हवी तर सिंगल कॉइल, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. सिंगल कॉइल आजूबाजूच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिचे पटीतले स्वर पकडतो. वनबीएचके घरात पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवे, लॅपटॉपचा चार्जर, राउटर सगळे हातभर अंतरावर असतात. क्लीन टोनमध्ये वाजवणे थांबले, की ही गुणगुण लगेच जाणवते.

यावर चार मार्ग आहेत. पहिला, मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा आणि उलट ध्रुवांचा घेणे. मग पाच टप्प्यांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर गुणगुण जवळपास नाहीशी होते. दुसरा, एकावर एक कॉइल रचलेले नॉइजलेस पिकअप. त्यात वरची हवेशीर चमक थोडी कमी होते, अशी तक्रार असते. तिसरा, फिल्टरट्रॉन प्रकारचा पिकअप. रे बट्स यांनी चेट अॅटकिन्स यांच्या गरजेतून तो बनवला आणि ग्रेच कंपनीच्या गिटारमध्ये तो आला. दोन कॉइल असूनही वेढे कमी, त्यामुळे गुणगुण नाही आणि चमकही टिकते. चौथा, बॅटरीवर चालणारे अॅक्टिव्ह पिकअप. डेव्हिड गिलमोर यांच्या लाल स्ट्रॅटोकास्टरमध्ये ईएमजीचे असेच पिकअप होते. यात केबलच्या लांबीचा परिणाम जवळजवळ होत नाही, पण नऊ व्होल्टच्या बॅटरीची जागा आणि २५ किलोओहमचे पॉट लागतात.

माझा कौल स्पष्ट आहे. घरी सराव आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याने नॉइजलेसला नाक मुरडू नये. आवाजातली किंचित चमक अॅम्पच्या ट्रेबलवर परत मिळवता येते. गुणगुण मात्र रेकॉर्ड झाली की काढताना स्वरही खरवडले जातात. पी-९० या जाड सिंगल कॉइलचा मोह मात्र इथे टाळावा. त्याचा इंडक्टन्स बराच जास्त असतो. तो ब्लूज आणि रॉकसाठी सुंदर आहे, काचेसारख्या टोनसाठी नाही.

खरेदीपूर्वी जवळपास फुकटात काय करून पाहावे?

१. उंची कमी करा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तार ते पिकअप हे अंतर मोजा. २ ते २.५ मिलिमीटर ही सुरुवात चांगली. पिकअप फार जवळ असेल तर आवाज लवकर फाटतो. स्ट्रॅटमध्ये चुंबक तारा ओढून सूरही बिघडवतात.

२. केबल तपासा. साध्या केबलची कपॅसिटन्स दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. तीन मीटरऐवजी सहा मीटरची केबल लावली, तर वरच्या उदाहरणातले ४६०० हर्ट्झचे शिखर ३६०० हर्ट्झवर येते. म्हणजे नुसत्या लांब केबलने सिंगल कॉइलला हमबकरच्या दिशेने ढकलले.

३. कुठे जोडता ते पाहा. ऑडिओ इंटरफेसच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ इनपुटऐवजी लाइन इनपुटला गिटार लावली, तर सगळी चमक तिथेच मरते. अनेकांच्या ‘मंद’ पिकअपचा इलाज हे एक बटण दाबण्यात असतो.

४. पॉट बघा. हमबकरला साधारण ५०० आणि सिंगल कॉइलला २५० किलोओहमचा पॉट लावतात. हमबकरच्या गिटारमध्ये २५०चा पॉट निघाला, तर तो बदलल्याने आवाज उघडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत ५००ऐवजी ४७० मिळाला तरी चालतो. फक्त दांड्याची जाडी जुळायला हवी.

५. हमबकरला चार वायर असतील, तर दोन्ही कॉइल सीरिजऐवजी पॅरलल जोडून पाहा. इंडक्टन्स सुमारे एक चतुर्थांशावर येतो, गुणगुणही वाढत नाही. आठ हेन्रीचा हमबकर दोन हेन्रीच्या आसपास वागू लागतो. एक कॉइल बंद करण्याच्या ‘स्प्लिट’पेक्षा क्लीन टोनसाठी हा मार्ग मला जास्त पटतो, कारण स्प्लिटमध्ये गुणगुण परत येते.

६. गुणगुणीची परीक्षा घ्या. गिटार हातात धरून स्वतःभोवती फिरा. दिशा बदलल्यावर गुणगुण कमी-जास्त झाली, तर दोष चुंबकीय आहे. तिथे नॉइजलेस पिकअप उपयोगी. काहीच फरक पडला नाही, तर केबल, शील्डिंग किंवा घरातले अर्थिंग तपासा. तांब्याच्या टेपने शील्डिंग केल्यास खरखर कमी होते, चुंबकीय गुणगुण मात्र थांबत नाही. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पिकअपचा विचार सोडा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि हो, तारा तीन-चार महिने जुन्या असतील तर त्या आधी बदला. गंजलेल्या तारेतून चमक कोणताच पिकअप काढू शकत नाही.

एवढे करूनही बदलायचाच असेल तर?

पिकअपचे माप, पोकळीची खोली आणि तारांमधले अंतर आधी मोजा. हमबकरमध्ये हे अंतर साधारण ४९ आणि ५३ मिलिमीटर अशा दोन मापांत येते. तिन्ही पिकअप एकदम बदलण्याऐवजी, ज्या जागेवर सर्वाधिक क्लीन वाजवता तो एकच आधी बदला. दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, किरटा येत असेल, तर ते एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये आहेत. एकाच्या दोन वायर उलट जोडल्या की प्रश्न सुटतो. मात्र एकाच वायरवर जाळी असलेल्या जुन्या पद्धतीच्या हमबकरमध्ये हे सहज करता येत नाही, म्हणून चार वायरचा पिकअप घेणे शहाणपणाचे.

कंपन्यांनी काय सांगायला हवे?

पंखा घेताना वॅट आणि हवेचा झोत पाहतो, फ्रिज घेताना ताऱ्यांचे लेबल पाहतो. पिकअप विकताना मात्र ‘उबदार’, ‘मधाळ’, ‘व्हिंटेज’ असे शब्द आणि एक फसवा ओहमचा आकडा हाती पडतो. काही कंपन्या इंडक्टन्स आणि रेझोनंट पीक जाहीर करतात; अनेक करत नाहीत. हे आकडे मोजणे अवघड नाही, साध्या एलसीआर मीटरवर इंडक्टन्स कळतो. ते प्रत्येक बॉक्सवर छापले, तर विद्यार्थ्याचे पैसे वाचतील आणि दुकानदारालाही योग्य सल्ला देता येईल.

तोपर्यंत हे काम ग्राहकालाच करावे लागेल. पुढच्या वेळी कुणी ‘हा पिकअप लाव, आवाज एकदम क्लिअर येईल’ म्हणाले, तर त्याला एवढेच विचारा : ‘इंडक्टन्स किती?’ उत्तर मिळाले तर पुढची चर्चा करा. नाही मिळाले तर स्क्रू ड्रायव्हर घ्या, पिकअप दोन मिलिमीटर खाली करा आणि पुन्हा एकदा ऐका.