हाताआडचा दिवा : प्रतीक आणि प्रत्यय

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र मराठी घरांना छापील प्रतींमधूनच अधिक परिचित आहे. १९४५-४६ च्या सुमाराचे हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहातले असून, त्यासाठी चित्रकाराची कन्या गीता (पुढे गीता उपळेकर) उभी राहिली होती. तथापि ते अनेकदा राजा रविवर्मा यांच्या नावावर खपते. बोरघाट चढून लोणावळ्यापलीकडे गेले की मळवली लागते. तेथे रविवर्मा यांच्या नावाचा छापखाना होता. घाटाखालच्या कर्जत-खालापूर परिसरात त्या नावाचे वजन असणे स्वाभाविक होय. परंतु रविवर्मा १९०६ मध्येच निवर्तले होते.

ही चूक केवळ नावापुरती नाही. तैलरंगात उजेड गडद रंगावर चढविता येतो. पारदर्शक जलरंगात मात्र कागदाचा शुभ्रपणा राखावा लागतो. चित्रातील स्त्री ज्योत राखते, चित्रकार कागद राखतो. कर्त्याचे नाव बदलले की माध्यमाचे भान सुटते आणि हे साम्य दृष्टीआड होते.

दुसरी अडचण प्रतीकवाचनाची आहे. दिवा म्हणजे आशा, स्त्री म्हणजे गृहलक्ष्मी, असे समीकरण एकदा मांडले की चित्र पाहण्याची गरजच उरत नाही. ‘ग्लो ऑफ होप’ हे प्रचलित शीर्षकही या घाईला साह्यभूत होते. वस्तुतः चित्राची भाववृत्ती आड धरलेल्या हातात आहे. बोटांच्या कडांवर आलेली लाली आणि मागील भिंतीवरची सावली यांतून प्रसन्नतेइतकीच काळजीही जाणवते. वारा रंगविता येत नाही. तो या हातामुळे कळतो. ज्योत विझण्याचे भय नसते, तर हात आड धरण्याचे कारणच नव्हते. आशा येथे भयासह येते, म्हणूनच ती खरी वाटते.

अशा चित्रांतून स्त्रीच्या गृहबद्धतेचा गौरव होतो, हा स्त्रीवादी आक्षेप रास्त आहे. गृहलक्ष्मीच्या प्रतीकापुरते पाहिल्यास त्याला उत्तर नाही. परंतु कृतीकडे पाहिले, तर घर उजळते ठेवण्यामागचे अखंड सावधपण, म्हणजेच सहसा न मोजले जाणारे श्रम, येथे चित्राच्या केंद्रस्थानी आलेले दिसतात.

या दृष्टीने कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी उणा नाही. पावसाळ्यात वीज गेल्यावर माजघरातून ओटीवर दिवा नेताना हात कसा धरावा लागतो, हे त्याच्या घरातील स्त्रियांना ठाऊक असते. अध्यापकाने प्रतीकाचा अर्थ आधी सांगून टाकण्याऐवजी या अनुभवापासून आरंभ करावा. कवितेतील प्रतिमेलाही हाच न्याय लागू आहे: वस्तूचा प्रत्यय आधी, प्रतीक नंतर. हा क्रम उलटला की विद्यार्थ्याच्या वहीत अर्थ तेवढा उरतो. चित्र आणि कविता दोन्ही निसटतात.