गोळीइतकाच ईसीजी

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन क्षयरोगातून वाचल्या; पण उपचारातल्या इंजेक्शनांनी त्यांचं ऐकणं हिरावून नेलं. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह त्यांनी औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरच्या बेडाक्विलिन या गोळीच्या वाढीव पेटंटच्या अर्जाला भारतात हरकत घेतली. मार्च २०२३मध्ये तो अर्ज फेटाळला गेला आणि औषध स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली.

या गोळ्यांमुळे इंजेक्शनं टळली. चार औषधांच्या नव्या उपचारात दीड-दोन वर्षांचं काम सहा महिन्यांवर आलं. पण गोळी सोपी म्हणून निर्धास्त राहून चालत नाही. बेडाक्विलिनमुळे हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून आधी ईसीजी, आणि नंतरही ठरावीक काळाने. गोळी जेवणासोबतच घ्यायची, कारण भरल्या पोटी ती सुमारे दुप्पट शोषली जाते. सोबतच्या चार औषधांपैकी लिनेझोलिडने तळपायांना मुंग्या येऊ शकतात, नजर अंधुक होऊ शकते, रक्त घटू शकतं. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असं कुणी म्हणालं, तर ते हसण्यावारी नेऊ नये. खोकल्या-तापासाठी परस्पर आणलेलं अँटिबायोटिकही हृदयावरचा ताण वाढवू शकतं.

मात्र त्रास होतो म्हणून मनानेच गोळ्या बंद करणं आणखी धोक्याचं. बेडाक्विलिन शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळतं. एकटं उरलं, की जंतू त्यालाही सरावतात. त्रास सांगायचा तो डॉक्टरांना, आणि लगेच. रुग्णाने बोलावं, यंत्रणेने ऐकावं. नंदिता यांच्या कहाणीनंतर एवढं तरी आपण शिकायलाच हवं.