कलौंजीचे तेल आणि क्षयरोगाची गोळी



एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. त्यांच्या तरुण मुलाला क्षयरोग झाला असून उपचाराचा दुसरा महिना चालू आहे. या गोळ्या लिव्हर खराब करतात, असे कुणीतरी सांगितल्यावर दादीने नातवाला रोज सकाळी दोन चमचे कलौंजीचे तेल आणि संध्याकाळी गुळवेलीचा काढा सुरू केला. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना काही सांगितलेले नाही. ‘आमचे चुकते आहे का?’ असे त्या विचारतात. हा प्रश्न अनेक घरांतला असल्याने उत्तर येथेच देत आहोत.

दादीची काळजी खोटी नाही. क्षयरोगाच्या आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्ही औषधांनी काही रुग्णांच्या लिव्हरला इजा होते. लिव्हर औषध मोडून बाहेर टाकते, तेव्हा कधी कधी त्यातून मूळ औषधापेक्षा जास्त जहाल पदार्थ तयार होतात. कापलेले सफरचंद हवेने तपकिरी पडते, तशाच प्रकारची झीज पेशींच्या आत होते. तिला रोखण्यासाठी अल्लाहने शरीरातच ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ठेवला आहे. पॅरासिटामॉलच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. नेहमीच्या मात्रेत त्याचा जहाल अंश ग्लुटाथायोन निकामी करते. मात्रा फार वाढली की हा साठा संपतो आणि लिव्हरच्या पेशी मरू लागतात. अशा वेळी दवाखान्यात एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध देतात. त्यातून ग्लुटाथायोन पुन्हा तयार होते. पहिल्या आठ तासांत ते मिळाले तर सर्वांत जास्त उपयोग होतो.

मग हेच काम वनस्पतींचा अर्क करील का? कलौंजीतील थायमोक्विनोन, हळदीतील करक्युमिन आणि मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतील सिलिमारिन यांनी उंदरांवरील प्रयोगांत औषधांमुळे होणारी इजा कमी केल्याचे दिसले आहे. परंतु उंदराला अर्क मोजून-मापून, बहुधा विषारी औषधाच्या आधी देतात. माणसांत चित्र इतके साफ नाही. क्षयरोगाच्या रुग्णांना सिलिमारिन देऊन झालेल्या चाचण्यांत काही ठिकाणी फायदा दिसला, काही ठिकाणी दिसला नाही.

शिवाय अर्कही शेवटी लिव्हरलाच पचवावा लागतो. 2020 च्या अखेरीस कोरोनाच्या धास्तीने गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना लिव्हरची इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली आणि पुढच्या वर्षी ती प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. वाद काहीही असो, ज्याचे लिव्हर आधीच चार औषधांचा भार वाहते आहे, त्याच्यावर हा प्रयोग करू नये. उद्या त्याला कावीळ झालीच, तर ती गोळीमुळे की काढ्यामुळे, हे डॉक्टरांना कसे कळणार? लपवलेल्या काढ्याच्या संशयात एखादे गरजेचे औषध बंद पडेल.

कलौंजीविषयीची हदीस आपल्या घराघरांत ठाऊक आहे आणि तिच्यावर आमचा विश्वास आहे. पण ती प्रत्येक आजारात, प्रत्येक माणसाला सारखीच लागू होते असे जुन्या विद्वानांनीही मानले नाही. इमाम खत्ताबी यांनी तिचे शब्द व्यापक असले तरी आशय विशिष्ट आजारांपुरता आहे, असे म्हटले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करून घेण्यास सांगितले आणि वैद्यकीचे ज्ञान नसताना इलाज करणाऱ्याला नुकसानीस जबाबदार धरले, हेही आपण विसरू नये.

म्हणून त्या भगिनीला आमचे सांगणे असे. काढा आणि तेलाचे चमचे थांबवा. नानवर किंवा लोणच्यात पडणारी चिमूटभर कलौंजी हा आहार आहे, ती राहू द्या. पुढच्या भेटीत तेलाची बाटली सोबत न्या आणि किती दिवस, किती दिले ते सरळ सांगा. लिव्हरची रक्ततपासणी करावी का, हेही विचारा. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. अर्धवट सोडलेला क्षयरोग औषधांना दाद देईनासा होतो.

रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लालसर होते, त्याने घाबरू नका. परंतु डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, सारख्या उलट्या झाल्या, जेवणाची इच्छाच गेली किंवा पोटात उजवीकडे बरगड्यांखाली दुखू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पुढची गोळी द्यायची की नाही, तेही त्यांनाच विचारा. ताप आला तर सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, म्हणून दोन्ही एकत्र देऊ नका.

मधुमेहाच्या घरांनीही ध्यानात ठेवावे की कलौंजीने रक्तातील साखर उतरू शकते. गोळी आणि तेल दोन्ही चालू असतील, तर डॉक्टरांना ठाऊक हवे.

दादीला मात्र रागावू नका. तिने मायेपोटी केले. नातवाला वेळेवर गोळी देण्याचे काम तिच्याच हाती सोपवा. सहा महिने एकही दिवस चुकू न देणे, ही तिच्या मायेची आज सर्वांत मोठी गरज आहे. अल्लाह त्या मुलाला पूर्ण शिफा देवो. आमीन.