अक्षर नसलेलं पुस्तक आणि आपली प्रश्नपत्रिका

अक्षर नसलेलं चित्रांचं पुस्तक मुलाच्या हाती आलं की शेजारचा मोठा माणूस परीक्षकच होतो. ‘हे काय? रंग कोणता? शेपटी कुणाची?’ चार प्रश्नांत मूल उठून जातं, आणि मग ठरतं की त्याला पुस्तकांची गोडीच नाही.

हिंगोली जिल्ह्यात हे जास्त खटकतं. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडच्या बंजारा तांड्यांवर घरात गोरमाटी बोलतात. तिथलं मूल चित्रातल्या बाईवर बोट ठेवून ‘याडी’ म्हणालं, तर ते बरोबरच वाचतंय. मजकूर नसल्यामुळे पुस्तकाला ते मान्य असतं. ‘आई म्हण’ असं सांगणारे आपणच.

ऊसतोडीला आईबाप गेले की अनेक नातवंडं आजीपाशी राहतात. गोष्ट वाचून दाखव म्हटलं की शाळा न पाहिलेली आजी चष्म्याचं निमित्त काढते. चित्रांच्या पुस्तकापुढे तिला निमित्त लागत नाही. सांगायला तर तिच्याकडे गुरुजींपेक्षा जास्तच असतं.

चित्रांवरून गोष्ट सांगणं फार नवं आहे असंही नाही. पिंगुळीचे चित्रकथी चित्रांची पोथी समोर धरून रामायण-महाभारत सांगत आले. मराठीत माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ आहे, ज्योत्स्ना प्रकाशनाचं. इटलीच्या लाम्पेदुसा बेटावर निर्वासितांची मुलं आणि गावातली मुलं यांची भाषा एक नव्हती, म्हणून ‘इबी’ या बालसाहित्याच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2012 मध्ये जगभरातली बिनशब्दांची पुस्तकं तिथल्या वाचनालयासाठी गोळा करायला घेतली. आपल्याकडे तो प्रश्न समुद्र ओलांडून येत नाही, तांड्यावरून अंगणवाडीत चालत येतो.

पालकांची धास्ती वेगळीच असते: अक्षरओळख कधी होणार? पायाभूत साक्षरतेचं ‘निपुण भारत’ अभियान 2021 मध्ये आल्यापासून शिक्षकांनाही तीच घाई. पण चित्रातली बाई दोरीवरचे कपडे ओढतेय म्हणजे पाऊस येणार, असं जे मूल सांगतं त्याला आकलन आणखी कसं सिद्ध करून दाखवायचं? अक्षरं येतील. अंदाज बांधायची सवय मोडली तर ती परत लावणं अवघड.

तेव्हा पहिल्यांदा सगळी पानं गप्प बसून उलटू द्यावीत. मूल मागे गेलं तर जाऊ द्यावं. ते बोलायला लागलं की ‘मग?’ एवढंच विचारावं. मला तर तेवढंही कधी कधी जास्त वाटतं.

विकतची पुस्तकं नसतील तर वसमतकडच्या अंगणवाडीताईंना घरचंच पुस्तक करता येईल. हळदीची काढणी, शिजवणं, वाळवणं, ढोलात घोळून पॉलिश, मग मोंढा: फोनवर फोटो काढायचे, छापून क्रमाने शिवायचे. खाली नावं मात्र लिहू नयेत. क्रम चुकला असेल तर आजी सांगेलच.